फुलझेलाइट

१

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी 'तिचा स्वभावच तसा' म्हणून ही हकीकत झटकून टाकायला नको. आमच्या ऑफिसात माझ्या रागाची ख्याती तिन्ही मजल्यांवर आहे. कँटीनवाला मला गार चहा द्यायला धजत नाही. पण मोजमापात मी चुकत नाही, आणि जे बघितलं नाही ते बघितलं असं लिहीत नाही. या दोन गोष्टींवर मी अठरा वर्षं नोकरी केली.

फरीदाबादला आमची प्रयोगशाळा आहे. देशभरातून दगड येतात, त्यांत काय काय आहे ते आम्ही सांगतो. सकाळी नऊ वीसला मी पोचायची. धरमबीर, आमचा लॅब अटेंडंट, कुलपं काढून गेटवर बिडी ओढायला गेलेला असायचा. तळमजल्यावर मागच्या अंगाला माझी खोली. खिडकीला काळा पडदा, मधोमध टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप. भिंतीपलीकडे प्रोबची खोली. प्रोब म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत मारून दगडाच्या कणात कुठलं मूलद्रव्य किती आहे ते सांगणारं यंत्र. त्याचा पंप सतत घरघरत असतो आणि मिनिटा-दीड मिनिटाने आतली एक झडप टक् करते. नव्या माणसाचं त्या आवाजाने डोकं उठतं. मला त्याशिवाय काम सुचायचं नाही.

जानेवारीतला एक सोमवार होता. धुकं एवढं की गेटवरून इमारत दिसत नव्हती. मी पर्स खुंटीला अडकवली, चष्मा पुसला, खुर्चीत बसले आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले. आयपीसभोवती रबराची कड असते. दोन दिवस बंद असलेल्या खोलीत, त्या थंडीत, ती कड गारढोण लागायला हवी होती. ती कोमट होती. नुकतंच कुणीतरी तिथे तोंड टेकवून बसून उठावं तशी. धरमबीरने काहीतरी चाळा केला असेल असं म्हणत मी दिवा लावला आणि कामाला लागले.

२

काम काय होतं ते सांगायला हवं. नोव्हेंबरमध्ये मला एक कण सापडला होता. राजस्थानातल्या एका बंद खाणीतला दगड, त्याची रुपयाएवढी चकती कापून आरशासारखी घासलेली. शिशाच्या पांढऱ्या खनिजाला चिकटून एक राखाडी, किंचित हिरवट कण बसला होता. आकार सत्तर मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीइतका. ही सल्फोसॉल्ट नावाची जमात. शिसं, चांदी, अँटिमनी, गंधक याच मंडळींनी वेगवेगळ्या प्रमाणात थाटलेले संसार. बाहेरून सगळी सारखीच दिसतात आणि त्यांना वेगळं ओळखण्यात माझं तारुण्य गेलं. हा कण मला ओळखता येईना. प्रोबवर चोवीस वेळा आकडे काढले. जगात नोंदलेल्या एकाही खनिजाशी ते जुळले नाहीत.

नवं खनिज. आमच्या धंद्यात भल्याभल्यांना ते आयुष्यात एकदाही दिसत नाही. त्या दिवशी मी घरी जाताना ई-रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडले नाही, यावरून काय ते समजा.

कणाला एक खोड होती. उजेडात राहिला की सावकाश काळा पडायचा. म्हणून चकती काळ्या कागदात गुंडाळून डबीत ठेवायची. आमच्याकडे रिवाज असा की अनोळखी कणाला नाव मिळेपर्यंत ज्याला तो सापडला त्याच्या नावाने हाक मारायची. धरमबीरने डबीवर पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फुलझेले'. माझं आडनाव. मला ते आवडलं, उगाच नाही कशाला म्हणू.

कण मी सगळ्यात आधी दीनानाथ सरांना दाखवला. माझ्या वहीत तारीख घालून नोंद करण्याच्याही आधी. सर आमचे विभागप्रमुख, पुण्याचे, मार्चमध्ये निवृत्त होणार. मी वर्ध्याहून इथे आले तेव्हा मला रेकॉर्डच्या खोलीत फायली लावायला बसवणार होते. सरांनी मला हाताला धरून मायक्रोस्कोपसमोर बसवलं होतं. ते मी विसरले नव्हते, म्हणूनच आधी त्यांच्याकडे गेले. त्यांनी बराच वेळ आयपीसमधून बघितलं आणि म्हणाले, "उन्नती, हे तुझं आहे. बिल्कुल तुझं." मी पाया पडणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी वाकायचीच बाकी होते.

३

कोमट रबराच्या सोमवारीच दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. विक्रांत तिथे होता. विक्रांत म्हणजे आमच्याकडचा तरुण शास्त्रज्ञ, इंग्रजी छान लिहितो, सर त्याच्याकडून सगळे मसुदे लिहून घेतात. दोघंही माझ्याकडे प्रेमाने बघत होते. ऑफिसात माझ्याकडे प्रेमाने कुणी बघत नाही, त्यामुळे मी सावध झाले.

"थँक यू गं," सर म्हणाले. "शुक्रवारी तू इतकं समजून घेतलंस. मला वाटलं होतं तू टेबल उलथवशील."

"शुक्रवारी काय झालं, सर?"

"अच्छा, आता विनय." ते हसले. "चलो, प्रपोजल गेलं. तुझ्या नावाचं खनिज. फुलझेलाइट."

शुक्रवारी मी चार वाजता निघाले होते. सरांशी एक शब्दही बोलले नव्हते. पण ते तेव्हा माझ्या मनात मागे राहिलं, कारण त्याआधी दुसरंच डोक्यात शिरलं. नव्या खनिजाचं वर्णन एका आंतरराष्ट्रीय आयोगाकडे जातं, तिथले सभासद मत देतात, मग ते खनिज जगात दाखल होतं. त्यात एक नियम आहे. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही. ज्याच्या नावाचं खनिज, तो वर्णन करणाऱ्यांत नसतो.

मी विक्रांतच्या हातातला कागद ओढून घेतला. लेखक चार. दीनानाथ सर, विक्रांत आणि जर्मनीतले दोन प्राध्यापक, ज्यांनी कणाचा क्ष-किरणांचा भाग केला होता. माझं नाव फक्त शीर्षकात होतं, शेपटीला 'आइट' लावून.

"सर, हे मला सापडलं."

"म्हणून तर तुझं नाव दिलं! लेखक काय गं, दर महिन्याला कुणीतरी होतंच. चाळीस वर्षं काढली मी इथे, माझ्या नावाचा खडासुद्धा नाही."

"मला खडा नको. मला माझं काम हवंय."

सर आणि विक्रांत एकमेकांकडे बघायला लागले. मग विक्रांतने अगदी हळूच, आजारी माणसाला दाखवावा तसा, दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला. जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर त्याची लेखी संमती लागते. तो संमतीचा कागद होता. खाली माझी सही होती.

४

सही मी मराठीत करते. बाबांनी लहानपणी घोटून घेतलेली. 'फु'चा उकार मी खाली लांब ओढते आणि 'ले'ची मात्रा घाईत जरा पुढे पडते. कागदावर उकार लांब होता, मात्रा पुढे पडलेली होती. कुणी नक्कल केली म्हणावं, तर नक्कल करणारा मात्रा बरोबर जागी देतो.

मी कागद उलटा करून मागून बोट फिरवलं. मी पेन इतकं दाबून लिहिते की मागच्या बाजूला अक्षरं उठतात. बँकेतली बाई नेहमी हसते त्यावरून. या कागदाची पाठ गुळगुळीत होती. सही माझी होती, फक्त ती करताना हातात जोर नव्हता.

त्या रात्री मी स्वतःला डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. थायरॉइडची गोळी मधे आठ दिवस चुकली होती. झोप कमी आहे. आई, मीराबाई, जाऊन दीड वर्ष झालं आणि डॉक्टर म्हणाले होते की दुःख उशिराही बाहेर येतं. असंही असेल की मी खरंच सरांपुढे मान डोलावली, सही केली आणि लाजेने विसरून गेले. माणसं याहून मोठ्या गोष्टी विसरतात. हे सगळं मी वहीत ओळीने लिहून काढलं. फक्त शेवटचं कारण मला पटेना, कारण मान डोलवण्याचं माझ्या अंगातच नाही.

सकाळी मी आयोगाला मेल लिहिला. संमती माझी नाही, खनिज मी शोधलं आहे, प्रपोजल थांबवा. दोन परिच्छेद, एकही शिवी नाही. तासाभराने मेलबॉक्स उघडला तर माझ्याच खात्यातून अकरा मिनिटांनंतर दुसरा मेल गेलेला होता. 'आधीचं पत्र मी रागाच्या भरात लिहिलं. क्षमस्व. माझी पूर्ण संमती आहे आणि हा माझ्या कुटुंबाचा सन्मान आहे.'

मी पासवर्ड बदलला. संध्याकाळी घरी गेले तर बाबा म्हणाले, "परत चहा टाकू?" मी म्हटलं, परत म्हणजे? ते जरा गडबडले. मग म्हणाले, "अगं, मीच घेतला मघाशी." मोरीत दोन कप होते.

५

बाबांबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बबन फुलझेले, टपाल खात्यातून निवृत्त, वय बहात्तर. त्यांच्या वडिलांचं शाळेच्या दाखल्यात आडनावच नव्हतं. मास्तरांनी त्या जागी जात लिहिली आणि पुढे गेले. बाबांनी बारा वर्षांचे असताना हेडमास्तरांच्या टेबलासमोर उभं राहून स्वतःचं आडनाव रजिस्टरात लिहायला लावलं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे, आणि शंभर वेळा मला त्यांचा अभिमान वाटला आहे. खनिजाच्या नावाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. सरांनी फोन करून सांगितलं होतं.

"आपलं आडनाव दगडात," बाबा म्हणाले. "जगातल्या सगळ्या पुस्तकांत. तुला काय पाहिजे अजून?"

"बाबा, सरांनी मला बाहेर काढलंय."

"बाहेर कसं? नाव तर आहे ना."

मी त्यांच्याशी भांडले नाही. मला त्यांची दया आली, आणि त्यांची गरजही होती. मला एक दिवस हवा होता, ज्या दिवशी मी कुठे होते हे दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल. गुरुवारी मी रजा टाकली आणि बाबांना घेऊन दिल्लीला गेले. मेट्रोने जनपथ, तिथून चालत कस्तुरबा गांधी मार्ग. तिथल्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये थाळी घेतली. बाबांना झुणका आवडला, भाकरी जाड वाटली. नंतर उन्हात बाकावर बसलो. नऊ ते साडेचार मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी माझा हात धरून रस्ता ओलांडला.

शुक्रवारी सकाळी मी लॅबच्या कॉम्प्युटरवर नोंदी बघितल्या. गुरुवारी नऊ एकवीसला अंगठ्याच्या मशीनवर माझी हजेरी होती. एक वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे बाबा दुसरी भाकरी मागत होते तेव्हा, माझ्या लॉगिनवरून प्रोबवर फुलझेलाइटचे सहा आकडे काढलेले होते. सुंदर आकडे होते. सगळ्या मूलद्रव्यांची बेरीज जवळजवळ शंभर टक्के. मला नोव्हेंबरपासून एकदाही इतकी स्वच्छ बेरीज मिळाली नव्हती.

घाबरायच्या आधी मला हेवा वाटला. हेही लिहून ठेवते.

६

आकडे बघून मी वर कँटीनला गेले आणि पाणी प्यायले. अकरा वाजत होते. खाली आले तर कॉरिडॉरमध्ये धरमबीर चहाचा कप घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी उभा होता. मला बघून तो थबकला. त्याने एकदा बंद दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मैडम, आप तो अंदर थीं ना? अभी आपने चाय मँगवाई."

"मैंने नहीं मँगवाई."

"अच्छे से बोलीं आप. भैया कहके बोलीं." तो ओशाळल्यासारखा झाला. मी त्याला अठरा वर्षांत भैया म्हटलेलं नाही.

मी त्याच्या हातातला कप घेतला आणि त्याला जायला सांगितलं. मग दार ढकललं.

पडदा ओढलेला होता. मायक्रोस्कोपचा दिवा चालू होता, त्याचं पिवळं वर्तुळ टेबलावर पडलं होतं. खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसून आयपीसमध्ये बघत होतं. अंगावर तपकिरी शाल. तीच शाल त्या क्षणी माझ्या खांद्यावर होती. मी हाताने चाचपून बघितली.

भिंतीपलीकडे पंप घरघरत होता. मी झडपेच्या आवाजाची वाट बघत राहिले, मला वाटलं ती वाजली की मला जाग येईल. आकडे मोजू लागले. शंभर झाले, दीडशे झाले, झडप वाजली नाही. खुर्चीतलं माणूस श्वास घेत होतं की नाही ते मला सांगता येणार नाही. एकाग्र झालं की मी डाव्या हाताने कानाची पाळी ओढते. तिचा डावा हात वर गेला आणि कानाशी थांबला.

मी भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब फडफडली, विझली, परत फडफडली. त्या लुकलुकत्या उजेडात तिने मान थोडी वळवली. उजेडाच्या बाजूचा गाल मला दिसला. तो बघता बघता काळवंडत गेला, कडेपासून आत, नोव्हेंबरपासून त्या कणाला मी काळं पडताना बघत आले होते तसा. जराही घाई नव्हती त्याला. मला आठवतंय की मी डबी बंद करायला हवी असा विचार केला.

मग ट्यूब नीट लागली. खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर हात ठेवून बघितला. माझ्या दुसऱ्या हातातला चहा पार गार झाला होता.

७

दुपारी दोन वाजता मी सरांच्या केबिनमध्ये गेले. जे बघितलं ते सांगितलं नाही, मी एवढी वेडी नाही. फक्त एवढंच सांगितलं की गुरुवारी मी रजेवर होते, फरीदाबादमध्येच नव्हते, आणि तरीही माझ्या नावाने हजेरी लागली आहे. म्हणजे माझ्या नावाने कुणीतरी दुसरं वावरतंय. तर मग संमतीवरची सहीही त्याचीच असणार. प्रपोजल मागे घ्या.

सर खूप थकलेले दिसले. "उन्नती, यार, रजेचा अर्ज तर आलाच नाही."

"मी स्वतः दिला."

विक्रांत खाली बघत होता. सर म्हणाले, "काल दुपारी आपण तिघं इथे बसलो होतो. तू तुझ्या डब्यातलं भरीत वाढलंस मला. किती दिवसांनी तू अशी मोकळी बोललीस. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं."

फोनमध्ये माझ्याकडे एकच फोटो होता, बाबा आणि त्यांची थाळी. ज्याने फोटो काढला तो फोटोत नसतो. मेट्रोची कागदी तिकिटं मी बाहेर पडताच फेकून दिली होती. "माझ्या वडिलांना विचारा," मी म्हटलं. "दिवसभर ते माझ्याबरोबर होते. खोटं बोलायची त्यांना सवय नाही."

"बिल्कुल," सर म्हणाले. "गाडी पाठवतो."

तीन वाजता बाबा आले. इस्त्रीचा कोट घातला होता, आईने घेतलेला. सरांनी उठून खुर्ची दिली. ते आदराने वागले हे मला मान्य करायला हवं. मी बाबांच्या समोर बसले आणि म्हटलं, "बाबा, काल आपण कुठे होतो, एवढंच सांगा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना चांगली ओळखते. त्यांना सगळं आठवत होतं, भाकरीसुद्धा. त्यांची नजर टेबलावर गेली. विक्रांतने तिथे प्रपोजलचं पहिलं पान ठेवलं होतं आणि वर मोठ्या अक्षरांत ते नाव छापलेलं होतं. बाबांनी खिशातून चष्मा काढला, लावला, ते नाव वाचलं. ओठ हलवून वाचलं, अक्षर न् अक्षर.

"मी घरीच होतो," ते म्हणाले. "दिवसभर मॅच बघत बसलो. उन्नती ऑफिसला आली होती."

"बाबा."

"तिची तब्येत बरी नसते हल्ली," ते सरांना म्हणाले. "आई गेल्यापासून."

सरांचा दगा मला समजत होता. मार्च जवळ आला होता, चाळीस वर्षं आणि खडासुद्धा नाही. मी त्यांचा मनापासून द्वेष करू शकत होते आणि त्यात एक प्रकारचा आधारही होता. बाबांचं काय करायचं ते मला कळेना. जगात एक माणूस सांगू शकत होता की मी तिथे होते, आणि त्याने सांगितलं नाही. मी टेबलाची कड धरून बसले. कुणीतरी पाणी दिलं.

सर बाबांना म्हणाले, "काळजी करू नका काका, मी सोडतो तुम्हाला." ते दोघं गेले. विक्रांत दाराशी थांबला, काहीतरी बोलणार होता, मग "सॉरी मॅडम" म्हणून तोही गेला.

८

मी ऑफिसात सहापर्यंत थांबले. राजीनामा लिहिला आणि फाडला. मग पायीच निघाले. धुक्यात दुकानांचे दिवे लागले होते, एक मोमोवाला आपलं भांडं पेटवत होता. बाबांशी काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं. ओरडायचं नाही. फक्त एकदा त्यांनी माझ्यापुढे म्हणावं, की हो, आपण बाकावर बसलो होतो. सरांना सांगू नका, कुणालाच सांगू नका, पण मला सांगा. तेवढ्यावर मी सगळं सोडून दिलं असतं. लेखकाचं नावही, खनिजही. चालता चालता मला ते इतकं सोपं वाटायला लागलं की मी पाय उचलले.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. माझी किल्ली लागली, पण आतून साखळी होती. मी बेल दाबली. दार चार बोटं उघडलं. बाबा होते. कोट काढलेला, अंगात स्वेटर. आतून फोडणीचा वास येत होता आणि मराठी बातम्या चालू होत्या.

"साखळी काढा, बाबा."

त्यांनी काढली नाही. मागे वळून स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल."

"कोण आहे आत?"

"वर्ध्याला जा थोडे दिवस. काकाकडे. मी फोन केलाय त्याला." फटीतून त्यांनी माझी लहान बॅग बाहेर सरकवली. ती तिरपी करून, दाबून काढावी लागली. "गोळ्या ठेवल्यात. थंडीचं आहे, मफलर घातलाय वरच."

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांचे डोळे भरून आले. ते रडले हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. "डिसेंबरपासून येते," ते म्हणाले. "तुझ्या आधी येते घरी. पहिल्यांदा मला कळलं नाही गं, शपथ. नंतर कळलं. पण माझ्याजवळ बसते. तुझ्या आईचं विचारते. तू कधी विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. आईचं नाव काढलं की मला राग यायचा, कुणावर ते कळायचं नाही, म्हणून मी ते काढायचीच नाही. हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. "बाबा, कोण आहे?" माझा आवाज. बरा होता तो, मऊ होता. माझा असा आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. अगदी नीट, पूर्ण बघितलं, रस्ता ओलांडताना हात धरला होता तेव्हा बघितलं होतं तसं.

"कुणी नाही गं, बाळा," ते म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.